जुन्याच कंपनीत परत लागल्यावर ४०१के साठी पुन्हा एक वर्ष थांबायचं का?

निळी_छत्री
नमस्कार मंडळी. इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय. मी एका कंपनीत चार वर्षं फुलटाइम होते, पहिलं वर्ष झाल्यावर ४०१के मध्ये (पगारातून पैसे कापून भरायची कंपनीची निवृत्ती बचत योजना) घेतलं, तेव्हापासून पगाराच्या ६ टक्के टाकत होते आणि कंपनी वरून मॅच, म्हणजे स्वतःचा वाटा, देत होती. मग घरच्या आजारपणामुळे नोकरी सोडून भारतात गेले, तिकडे पावणेतीन वर्षं गेली, आणि आता त्याच कंपनीत परत लागलेय. टीम तीच, बॉस तोच, फक्त एम्प्लॉयी नंबर नवा. ऑनबोर्डिंगमध्ये एचआरने सांगितलं की तुम्ही न्यू हायर आहात, एक वर्ष भरलं की ४०१के सुरू होईल. म्हणजे आधीची चार वर्षं पाण्यात का? सोडताना मॅचचं व्हेस्टिंग (म्हणजे त्यातला कायमचा माझा झालेला वाटा) ६० टक्के झालं होतं, जे मिळालं ते सगळं आयआरएत, म्हणजे माझ्या वैयक्तिक निवृत्ती खात्यात, रोलओव्हर केलं, उरलेले ४० टक्के कंपनीने परत घेतले. ते आता गेलेच समजायचे का? वर्षभर मॅच बुडणार म्हणून जीव तुटतोय हो.

रिकामटेकडा_१
कंपनीचा प्लॅन, कंपनीचे नियम. इथे उद्यापासून येऊ नका म्हटलं तरी काही करता येत नाही, ४०१के कुठलं घेऊन बसलात. एक वर्ष गप बसा, आयआरएत टाका तोपर्यंत.

आकडेमोड्या
रिकामटेकडा, असं नाहीये. नोकरीवर ठेवायचं की नाही हे कंपनीच्या हातात, पण प्लॅन काढला की १९७४ चा एरिसा कायदा आणि टॅक्स कोड दोन्ही लागू होतात, आणि किती दिवस थांबवता येईल याची वरची मर्यादा तिथे ठरलेली आहे. मी प्लॅन ॲडमिनिस्ट्रेशनमध्येच काम करतो आणि रीहायरला न्यू हायर समजणं ही आम्हाला सगळ्यात जास्त दिसणारी भानगड आहे.

निळी_छत्री, सविस्तर सांगतो, जरा लांबेल. प्लॅन जास्तीत जास्त २१ वर्षं वय आणि एक वर्षाची सर्व्हिस एवढीच अट घालू शकतो. एक वर्षाची सर्व्हिस म्हणजे १२ महिन्यांत १,००० तास. ती अट तुम्ही एकदा पूर्ण केलीत आणि प्लॅनमध्ये आलातही, म्हणजे ती सर्व्हिस तुमच्या नावावर जमा झाली. नोकरी सोडली म्हणून ती सर्व्हिस आपोआप पुसली जात नाही, पुसायला कायद्यात ठराविक कारण लागतं. ते कारण नसेल तर रीहायरच्या दिवसापासूनच तुम्ही प्लॅनमध्ये, पुढच्या एंट्री डेटचीही (प्लॅन नवे लोक आत घेतो त्या ठराविक तारखेची) वाट बघायची नाही.

आता पुसायचं कारण कुठलं? त्याला रूल ऑफ पॅरिटी म्हणतात. माणूस मॅचमध्ये शून्य टक्के व्हेस्टेड असताना गेला, आणि मग लागोपाठ ब्रेकची वर्षं पाच झाली, किंवा त्याची आधीची सर्व्हिस पाचपेक्षा जास्त असेल तर तितकी झाली, तरच जुनी सर्व्हिस सोडून देता येते. ब्रेकचं वर्ष म्हणजे ज्या १२ महिन्यांत ५०० किंवा त्याहून कमी तास भरले ते. तुमची पावणेतीन वर्षं, म्हणजे पाचाच्या जवळपासही नाही. आणि ती दहा वर्षं असती तरी फरक पडला नसता, कारण तुम्ही स्वतःच्या पगारातून पैसे टाकलेत. ते पहिल्या दिवसापासून १०० टक्के व्हेस्टेड असतात आणि कायद्याच्या हिशोबात ते एम्प्लॉयर काँट्रिब्युशनच धरतात, त्यामुळे ज्याने एक डॉलर जरी कापून घेतलाय त्याला नॉनव्हेस्टेड म्हणता येत नाही. बऱ्याच एचआरना हे माहीतच नसतं.

गवती_चहा
अरे वा, हे माहीत नव्हतं. पण मग माझ्या नणंदेला खरंच वर्षभर थांबवलं होतं, तीही रीहायरच होती, आणि तिने आधी पैसे टाकले होते. तिच्या एचआरने प्लॅनमधला पॅरेग्राफ पण दाखवला होता म्हणे.

पेन्शनर_पंत
गवती_चहा, असं असू शकतं. आकडेमोड्यांनी लिहिलं ते बरोबर पण एक वाट त्यांनी सोडली. वन इयर होल्डआऊट नावाची तरतूद आहे. ब्रेकचं किमान एक वर्ष झालं असेल तर प्लॅन म्हणू शकतो की परत आल्यावर एक वर्ष पूर्ण करा, मगच आम्ही जुनी सर्व्हिस मोजू. पण ते वर्ष झालं की सर्व्हिस मागच्या तारखेपासून, म्हणजे रीहायर झाल्याच्या दिवसापासून धरावी लागते. अडचण अशी की पगारातून कापायचे पैसे मागच्या तारखेने कापता येत नाहीत, पगार तर खर्च झालेला असतो. त्यामुळे ४०१के मध्ये, निदान पगारातून कापायच्या भागासाठी, ही तरतूद ठेवणं म्हणजे विकतचं दुखणं, आणि शहाणे प्लॅन ती ठेवत नाहीत. पण जुन्या डॉक्युमेंटमध्ये अजून दिसते. म्हणून निळी_छत्री ताई, आधी तुमच्या प्लॅनमध्ये ती आहे का ते बघा, त्याशिवाय एचआरशी वाद घालू नका.

निळी_छत्री
पंत, आकडेमोड्या, खूप आभार. पण बघायचं कुठे? वेबसाइटवर लॉगिन केलं तर तिथे यू आर नॉट येट एलिजिबल एवढंच येतंय, आणि एचआरवाली म्हणते की सिस्टीम सांगते तेच खरं.

आकडेमोड्या
सिस्टीमला पेरोलने जे पाठवलं तेच ती सांगणार. बहुतेक वेळा होतं काय, रीहायरला नवा एम्प्लॉयी नंबर देतात, पेरोलच्या फाइलमध्ये हायर डेट म्हणून आत्ताची तारीख जाते, ओरिजिनल हायर डेटचा कॉलम रिकामा, आणि रेकॉर्डकीपरच्या, म्हणजे प्लॅनची खाती सांभाळणाऱ्या कंपनीच्या, कॉम्प्युटरला वाटतं की आज जन्मलेला माणूस आलाय. रेकॉर्डकीपरला फोन करून विचारा की माझी ओरिजिनल हायर डेट, टर्मिनेशन डेट आणि रीहायर डेट तुमच्याकडे काय काय आहे. तीन तारखा वेगवेगळ्या दिसायला हव्यात.

आणि समरी प्लॅन डिस्क्रिप्शन मागवा, एसपीडी म्हणतात त्याला. तोंडी नको, ईमेलने मागा, कारण लेखी विनंती केली की ३० दिवसांत द्यावं लागतं, नाही दिलं तर कोर्ट दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं. दंड कोणाला लागतो असं नाही, पण ईमेलमध्ये लेखी विनंती असे शब्द असले की फाइल हलते. त्यात रीएम्प्लॉयमेंट किंवा ब्रेक इन सर्व्हिस नावाचा भाग शोधा. एसपीडीत मोघम असेल तर पूर्ण प्लॅन डॉक्युमेंट आणि ॲडॉप्शन ॲग्रीमेंट (कंपनीने प्लॅनचे कुठले पर्याय निवडले त्याचा फॉर्म) मागा, खरी टिकमार्क ॲडॉप्शन ॲग्रीमेंटमध्ये असतात.

चहाटळ
माझी केस वेगळी आहे, इथेच घुसवतो, सॉरी. मी आठ महिने काम केलं, रोजचे आठ तास, एक वर्षाची वेटिंग होती म्हणून ४०१के मध्ये कधी गेलोच नाही, मग लेऑफ झाला, सहा महिन्यांनी त्याच कंपनीने परत बोलावलं. मला पण पाटी कोरी म्हणतायत. माझे पैसे गेले नव्हते प्लॅनमध्ये म्हणजे मी खरंच न्यू हायर ना?

आकडेमोड्या
चहाटळ, नाही! तुमची केस उलट जास्त मजेदार आहे. प्लॅन तास मोजत असेल तर पहिले १२ महिने हायर डेटपासून धरायचे. आठ महिने म्हणजे साधारण ३५ आठवडे, ४० तासांनी १,४०० तास झाले. म्हणजे १,००० ची अट पहिल्याच १२ महिन्यांत पार झाली, ते १२ महिने संपताना तुम्ही नोकरीवर होतात की घरी, याने तासांवर परिणाम होत नाही. एंट्री डेट येऊन गेली तेव्हा नोकरीवर नव्हतात म्हणून आत गेला नाहीत, पण परत आलात तेव्हा अट पूर्ण झालेली होती, त्यामुळे लगेच आत, ती तारीख अजून आली नसेल तर फार तर त्या एंट्री डेटला.

आणि प्लॅन तास न मोजता कॅलेंडर मोजत असेल, ज्याला इलॅप्स्ड टाइम म्हणतात, तर तिथे सोडल्यापासून १२ महिन्यांच्या आत परत आलात की मधला रिकामा काळसुद्धा सर्व्हिस धरतात. आठ अधिक सहा, चौदा महिने. दोन्ही रस्त्यांनी तुम्ही आत. फक्त लेखी विचारा की प्लॅन कुठली पद्धत वापरतो.

चहाटळ
घरी बसलेले सहा महिने पण मोजतात?? बायकोला दाखवतो हे, ती म्हणत होती काहीच केलं नाहीस सहा महिने.

अर्धवेळ
माझ्यासारख्यांचं पण कोणीतरी सांगा ना. मी पार्ट टाइम आहे, आठवड्याला साधारण १२ तास, वर्षाला ६०० च्या आसपास, १,००० कधीच होणार नाहीत. मधे एकदा सोडून परत लागले. मला ४०१के कधीच नाही का?

पेन्शनर_पंत
अर्धवेळ ताई, तुमच्यासाठी आता कायदा बदललाय. २०१९ च्या सिक्युअर ॲक्टने लाँग टर्म पार्ट टाइम असा वर्ग केला, आधी सलग तीन वर्षं ५०० तास लागायचे, सिक्युअर २.० ने २०२५ पासून ते सलग दोन वर्षांवर आणलं. २१ वर्षं वय आणि सलग दोन वर्षं किमान ५०० तास, की पगारातून पैसे टाकायची परवानगी द्यावीच लागते. मात्र मॅच द्यायची सक्ती या वर्गासाठी नाही, ती कंपनीची मर्जी. आणि २०२१ च्या आधीची वर्षं यात धरत नाहीत. मधे सोडलंत ते किती काळ? सलग हा शब्द महत्त्वाचा, मधल्या एखाद्या वर्षी तास ५०० च्या खाली गेले तर दोन वर्षांची मोजणी नव्याने करावी लागेल. एकदा दोन वर्षं पूर्ण झालेली असतील तर तुम्हीही रीहायरच, न्यू हायर नाही.

अर्धवेळ
दीड-दोन महिनेच सोडलं होतं, तरीही त्या वर्षी ५०० च्या वर गेले असणार. पेस्टब, म्हणजे पगाराच्या पावत्या, काढून बेरीज करते.

सह्याद्री_ते_सिएटल
बाळंतपणात नोकरी सुटली किंवा रजा लांबली तर ब्रेक धरतात का? आमच्या ग्रुपमध्ये दोघींचं असं झालंय.

आकडेमोड्या
बाळंतपण किंवा दत्तक घेण्यासाठी गैरहजर असाल तर ब्रेक टाळण्यापुरते ५०१ तासांपर्यंत क्रेडिट द्यावं लागतं. ५०१ च का, तर ब्रेक ५०० किंवा कमी तासांना होतो, म्हणून एक जास्त. पण हे फक्त ब्रेक होऊ नये एवढ्यासाठी, त्याने व्हेस्टिंगचं वर्ष वाढत नाही. एफएमएलए रजा (कुटुंब किंवा आजारपणासाठीची कायदेशीर रजा) असेल तर तिलाही ब्रेक धरता येत नाही. आणि सैन्यातून परतलेल्यांसाठी यूसेरा कायदा आहे, त्यांना तर कधी गेलेच नव्हते असं समजायचं असतं.

रिकामटेकडा_१
एवढं सगळं असतं तर एचआर खोटं का बोलेल? त्यांना काय मिळतं?

गवती_चहा
खोटं बोलत नाहीत हो, माहीत नसतं. हेल्थ इन्शुरन्सला वेगळा नियम, सुट्ट्यांना वेगळा, ४०१के ला वेगळा, आणि एचआरची बिचारी मुलगी तिन्हीला एकच चेकलिस्ट लावते. सुट्ट्यांसाठी न्यू हायर धरलं म्हणून ४०१के लाही धरलं.

निळी_छत्री
अपडेट! एसपीडी आलं. मागितल्यावर चारच दिवसांत, लेखी विनंती शब्द लागू पडला वाटतं. त्यात स्पष्ट लिहिलंय की फॉर्मर पार्टिसिपंट परत आला तर रीएम्प्लॉयमेंट डेटला लगेच पार्टिसिपंट होईल. होल्डआऊट वगैरे काही नाही. ॲडॉप्शन ॲग्रीमेंट पण मागितलं, तिथेही तो चौकोन रिकामा. आता एचआरला हे पान जोडून पाठवलं तर म्हणाले पुढच्या पगारापासून सुरू करू. पण रुजू होऊन दोन पगार झाले, त्यांचं काय? आणि ते ४० टक्के?

आकडेमोड्या
गंगेत घोडं न्हालं! दोन पगारांचं असं. आत असायला हवं असताना बाहेर ठेवलं याला मिस्ड डिफरल म्हणतात, आणि ही चूक कंपनीने दुरुस्त करायची असते, तुम्ही नाही. आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याची, एक पद्धत ठरलेली आहे. साधारणपणे बुडालेल्या रकमेच्या ५० टक्के कंपनीने स्वतःच्या खिशातून भरायचे. पण तीन महिन्यांच्या आत नीट सुरू केलं तर त्यातून सूट मिळते. त्यात एक बारकावा असा की तुम्ही चूक कळवली की मुदत आखडते, कळवल्याच्या पुढच्या महिन्याअखेरनंतरच्या पहिल्या पगारापर्यंत सुरू व्हायला हवं. म्हणून ईमेलची तारीख जपून ठेवा. तुमचं पुढच्याच पगारापासून होतंय, म्हणजे ते ५० टक्के मिळणार नाहीत, पण त्या दोन पगारांवरची मॅच, तिच्यावरच्या कमाईसकट, कंपनीला भरावीच लागते. सुरू झाल्यापासून ४५ दिवसांत तुम्हाला लेखी नोटीस पण द्यायची असते. नोटीस आली नाही तर विचारा, कारण मॅच भरली की नाही ते त्यावरूनच कळतं.

आणि जुने ६ टक्के आपोआप लागतील असं धरू नका. नव्याने टक्केवारी भरा, नॉमिनीचं म्हणजे बेनिफिशियरीचं पण नव्याने बघा, ते जुन्या खात्याबरोबर उडालेलं असतं.

पेन्शनर_पंत
४० टक्क्यांचं मी सांगतो. तुमच्यासारखं दोन वर्षांना २० टक्क्यांपासून सहा वर्षांना १०० टक्क्यांपर्यंत चढत जाणारं व्हेस्टिंग दिसतंय, चार वर्षांना ६०. पैसे काढून नेलेत म्हणून उरलेले जप्त झाले, पण लागोपाठ पाच ब्रेकची वर्षं व्हायच्या आत परत आलात, त्यामुळे तुम्हाला ते परत जिवंत करायचा हक्क आहे. त्यासाठी काढून नेलेली रक्कम प्लॅनमध्ये परत भरायची, याला बायबॅक म्हणतात, मुदत रीहायर झाल्यापासून पाच वर्षं. काही प्लॅन सगळी काढलेली रक्कम मागतात, काही फक्त मॅचमधली मिळालेली, ते एसपीडीत बघा. भरली की जप्त झालेली रक्कम कंपनी परत खात्यात टाकते, मधल्या काळातली कमाई मात्र देत नाहीत.

उदाहरणाला आकडे घेऊ. मॅच खात्यात १८,००० डॉलर होते, तुम्ही १०,८०० नेले, ७,२०० जप्त. १०,८०० परत भरले की खातं पुन्हा १८,००० चं आणि तुम्ही त्यात ६० टक्क्यांवर. जुनी चार वर्षं व्हेस्टिंगलाही मोजली जाणार, म्हणजे आता एक वर्ष भरलं की ८०, दोन भरली की १००. दोन वर्षं टिकायचा विचार असेल तर ७,२०० सोडू नका.

निळी_छत्री
पण ते पैसे आयआरएत आहेत, काढले तर टॅक्स आणि वर १० टक्के पेनल्टी लागेल ना? मी अजून पन्नाशीतही नाही.

पेन्शनर_पंत
काढून हातात घेतले तर लागेल. तसं करू नका. आयआरएतून सरळ प्लॅनमध्ये रोलओव्हर करा, प्रीटॅक्स पैसे असतील आणि प्लॅन बाहेरचा रोलओव्हर घेत असेल तर टॅक्सचा प्रश्नच येत नाही. चेक तुमच्या नावाने नको, प्लॅनच्या नावाने हवा. आणि रोलओव्हर फॉर्मवर ही बायबॅकची परतफेड आहे असं वेगळं लिहून द्या, नाहीतर ते साधा रोलओव्हर म्हणून जमा करतील, तुमचे ७,२०० तसेच राहतील आणि मग दुरुस्त करायला सहा फोन.

सह्याद्री_ते_सिएटल
पंत, माझे सासरे ६७ चे आहेत, रिटायर झाले, ४०१के मधून पैसे काढले आणि कंपनी म्हणते परत या. काही अडचण?

पेन्शनर_पंत
५९½ च्या पुढे आहेत म्हणजे पेनल्टीचा प्रश्न नाही, आणि त्या वयात बरेच प्लॅन नोकरीवर असतानाही काढू देतात. खरी भानगड त्याहून तरुण लोकांची, जिथे आज राजीनामा, उद्या पैसे, परवा परत कामावर असं आधीच ठरलेलं असतं. मग आयआरएस म्हणू शकतं की नोकरी सुटलीच नव्हती. तुमच्या सासऱ्यांसाठी उलट फायदा आहे, ७३ नंतर दरवर्षी सक्तीने काढायची रक्कम त्या कंपनीत काम करत असेपर्यंत त्या प्लॅनमधून पुढे ढकलता येते, प्लॅनची परवानगी असेल आणि ते कंपनीचे ५ टक्क्यांपेक्षा जास्त मालक नसतील तर. आणि ते सरकारी किंवा चर्चच्या नोकरीत असतील तर यातलं बरंचसं लागू नाही, तिथे एरिसा नाही.

चहाटळ
माझंही उत्तर आलं. प्लॅन तास मोजतो, १,४०० चा हिशोब पाठवला तर म्हणाले लीगलला विचारतो. आता त्यांनी विचारावं. बाय द वे मी मधल्या काळात दुसरीकडे चार महिने होतो आणि तिथल्या ४०१के मध्ये टाकत होतो, इथे सुरू झालं तर लिमिट दोन्हीकडे वेगवेगळं ना?

आकडेमोड्या
नाही हां! पगारातून कापायचं लिमिट माणसाला आहे, कंपनीला नाही. २०२६ साठी २४,५०० डॉलर, दोन्हीकडचे मिळून, ५० किंवा त्यापुढे असाल तर वर ८,०००. दोन्ही पेरोलना एकमेकांचं काही दिसत नाही, त्यामुळे बेरीज तुम्हीच ठेवा. जास्त झालंच तर पुढच्या वर्षीच्या १५ एप्रिलच्या आत एका प्लॅनला कळवून काढून घ्या.

निळी_छत्री
आजच्या पगारात ६ टक्के कापले गेले! आणि एचआरचा ईमेल आला की आमच्याकडे आणखी चार रीहायर असेच एक वर्षाच्या यादीत होते, त्यांचंही तपासतायत. त्यातल्या एकाला दोन वर्षं झालीत म्हणे. त्याला ५० टक्क्यांचं सांगू का, आकडेमोड्या?

आकडेमोड्या
सांगाच. पण त्याची पहिली बाहेर राहिलेली तारीख किती जुनी आहे ते आधी विचारा, कंपनीने किती टक्के भरायचे ते त्यावरही ठरतं.